यजमानपद आणि येरवड्याचे पाणी



लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिला आज तिसरा चरण जोडायचा झाला तर 'सामने पाहावेत भरवून' असा जोडावा लागेल. पाहुण्यांना आमंत्रण देणे सोपे असते. अडचण येते ती पाहुणा दारात उभा राहिला म्हणजे. मोठ्या क्रीडास्पर्धा आपल्या गावी व्हाव्यात म्हणून गावे आणि विद्यापीठे एकमेकांशी चढाओढ करतात, अर्ज भरतात, शिष्टमंडळे धाडतात. या चढाओढीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्यातील विद्यार्थ्यांच्या स्पर्धांपुरताच भाग घेऊन आपल्या येरवड्यापर्यंत यावे, असा आमचा आजचा बेत आहे.

आरंभ आम्ही मुद्दाम दूरच्या गोष्टीने करतो. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या स्कीइंगच्या, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा 1954 पासून भरतात. पहिली नेव्हाडातील रीनो येथे झाली आणि ती डेन्व्हर विद्यापीठाने जिंकली. 1983 पासून मुलगे व मुली यांची स्पर्धा एकत्र होऊ लागली. तिचे यजमानपद मिळावे म्हणून विद्यापीठे रीतसर दावा करतात आणि पुढील काही वर्षांची यजमानपदे एकदमच ठरून जातात. 2018 साली कोलोरॅडो विद्यापीठाने स्टीमबोट स्प्रिंग्ज येथे आणि 2019 साली व्हरमाँट विद्यापीठाने स्टो येथे ही स्पर्धा भरवली. वसतिगृहे, भोजनगृहे, डॉक्टर, वाहने, पंच, या सर्वांची यादी दाव्यात असते. परंतु या यादीच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती कोणत्याही समितीच्या हातात नाही. ती म्हणजे बर्फ.

कोणी म्हणेल, बर्फ यंत्रानेही पाडता येतो. खरे आहे. 2022 साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जवळजवळ सगळा बर्फ यंत्राचाच होता. पण त्या यंत्रालाही थंडी लागते आणि पाणी लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आपल्या देशातील अनुभव तर ताजा आहे. 2011 च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा डेहराडून व औली येथे झाल्या. स्कीइंगचा भाग औलीच्या उतारांवर पार पडला. त्याच औलीखाली असलेल्या जोशीमठात 2023 च्या जानेवारीत जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद ठेवावा लागला. काश्मीरात गुलमर्ग येथे 2025 च्या फेब्रुवारीत ठरलेला 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा दुसरा टप्पा पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये झाला. आमंत्रणे गेली होती, खेळाडू सज्ज होते. खेळायची जमीनच तेवढी आली नव्हती!

उष्ण प्रदेशातल्या श्रोत्यांपुढे बर्फाची कथा कशाला, असे आपणास वाटेल. कारण एवढेच की, यजमानपदाचा नियम बर्फात फार स्पष्ट दिसतो. काही खेळ असे आहेत की त्यांचे मैदान माणूस बांधू शकतो; आणि काही असे की त्यांचे मैदान निसर्ग देतो व माणसाने ते राखायचे असते. पहिल्या वर्गात पैसा पुरतो. दुसऱ्या वर्गात पैशाच्या आधी राखण लागते. स्कीइंग या दुसऱ्या वर्गातले. आपल्याकडे बर्फ नाही. पण याच वर्गातला दुसरा एक खेळ येरवड्याच्या दारात दीडशे वर्षांपूर्वीपासून आहे. तो म्हणजे वल्ह्यांच्या नावांच्या शर्यतींचा.

महाविद्यालयांमधील स्पर्धांचा इतिहासच मुळी पाण्यावर सुरू होतो. 10 जून 1829 रोजी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांतील तरुणांनी थेम्स नदीवर हेन्ली या गावी नावांची पहिली शर्यत लावली. दोन्ही पक्षांत शाळेपासूनचे दोन मित्र होते, ऑक्सफर्डचे चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ आणि केंब्रिजचे चार्ल्स मेरिव्हेल. त्यांच्या मैत्रीतून हे आव्हान निघाले. शर्यत ऑक्सफर्डने जिंकली. पण आमच्या दृष्टीने खरा विजय झाला तो हेन्ली गावाचा. शर्यत पाहायला लोटलेली गर्दी गावकऱ्यांनी पाहिली, ध्यानात ठेवली, आणि पुढे 26 मार्च 1839 रोजी गावच्या सभागृहात जाहीर सभा भरवून दरवर्षी नावांच्या शर्यती घेण्याचा ठराव केला. करमणूक होईल आणि गावाचा फायदाही होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या शर्यती आजही भरतात. म्हणजे विद्यार्थ्यांनी खेळ आणला आणि गावाने यजमानपद उचलले. आपल्यासारख्याच नागरिकांच्या एका सभेतून ही संस्था जन्माला आली, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अमेरिकेत हाच प्रकार थोड्या निराळ्या रीतीने घडला. तेथील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून जो ओळखला जातो, तो हार्वर्ड आणि येल यांच्यातील नावांची शर्यत होय. ती 3 ऑगस्ट 1852 रोजी न्यू हॅम्पशायरमधील विनिपिसॉकी सरोवरावर झाली. तिचा खर्च कोणी केला म्हणाल, तर एका आगगाडी कंपनीने! सरोवराकडे प्रवासी यावेत, तिकिटे खपावीत, हा हेतू. तेव्हा यजमानपदामागे व्यापार असतो ही तक्रार आजची नाही. ती विद्यार्थ्यांच्या पहिल्या सामन्याइतकीच जुनी आहे. आम्हाला त्यात फारसे वावगे वाटत नाही. मात्र हेन्लीच्या गावकऱ्यांपाशी थेम्स होती आणि कंपनीपाशी सरोवर होते. दोघांनीही जे होते त्यावर बोली केली.

आता आपण येरवड्याला येऊ. मुळा आणि मुठा यांचा संगम झाल्यावर नदी पूर्वेकडे वळते आणि येरवड्याच्या कडेने पुढे जाते. आपल्या पठारावरच्या नद्यांचा स्वभाव आपणास ठाऊकच आहे: पावसाळ्यात रौद्र आणि उन्हाळ्यात केविलवाणी. अशा नदीत वर्षभर नाव चालेल इतके पाणी राहावे कसे? त्याचे श्रेय बंडगार्डनच्या बंधाऱ्याला आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा बंधारा 1850 साली पुरा झाला. तो नावांसाठी मुळीच बांधलेला नव्हता. लष्करच्या वस्तीला पिण्याचे पाणी मिळावे, हा त्याचा हेतू. बंधाऱ्याने पाणी अडले, ते वर संगमाकडे पसरले, आणि लोकांची तहान भागवता भागवता त्याने एक शांत जलाशय निर्माण केला. पुण्यातील नौकाक्रीडेचा सारा इतिहास या फुगवट्यावर तरंगतो आहे. आणि हे पाणी एके काळी माणसे पीत होती, ही गोष्ट आपण मनात पक्की धरून ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

बंधाऱ्यानंतर अठरा वर्षांनी नदीकाठी विद्यार्थी आले. 1821 साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिचेच पुढे पूना कॉलेज आणि 1864 साली डेक्कन कॉलेज झाले. त्याच वर्षी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते येरवड्याच्या माळावर नव्या इमारतीचा पाया घातला गेला. या इमारतीलाही जीजीभाई यांनी एक लक्ष रुपये दिले होते. 1868 च्या मार्चमध्ये कॉलेज तेथे राहावयास गेले. योगायोग पाहा: बंधारा आणि विद्यालय, दोन्हींच्या मागे एकच दाता. शहरापासून दूर, नदीजवळ, विद्यार्थी वसतिगृहातच राहात असलेले असे हे कॉलेज होते. अभ्यासाइतकाच मोकळा वेळही हाताशी असल्यामुळे व्यायाम, पोहणे आणि नावा वल्हवणे यांना तेथे आपोआप जागा मिळाली. कॉलेजचा बोट क्लब होता आणि नदीवर त्याच्या नावा होत्या. 1873 साली टिळक या कॉलेजात आले. पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा शरीर कमावण्यात घालवले, हे त्यांच्या चरित्रातून आपण सर्वांनी वाचले आहे. आगरकरांशी त्यांची गाठ पडली ती याच माळावर.

त्या काळच्या अध्यापकांत प्रोफेसर विल्यम वर्ड्‌स्वर्थ हे एक नाव आहे. हे त्याच नावाच्या इंग्रज कवीचे नातू. आणि 1829 साली हेन्लीला आव्हान घेऊन उतरलेले चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ हे त्या कवीचे पुतणे, म्हणजे आपल्या प्रोफेसरांचे चुलतचुलते. या नात्यामुळेच येरवड्यात नावा आल्या असा सिद्धांत आम्ही मांडत नाही. विद्यालये, नद्या आणि माणसे एकमेकांना कशी दूरवर बांधलेली असतात, एवढेच यातून दिसते.

परंतु हे सुख टिकले नाही. काटकसरीचे कारण सांगून सरकारने 1934 साली डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, झगडले, आणि 17 ऑगस्ट 1939 रोजी कॉलेज पुन्हा उघडले. पण उघडले ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांत या संस्थेने जे कार्य केले त्याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. तथापि शेकडो तरुण पदवीधर होण्यासाठी जेथे राहात होते, ते येरवडे मात्र संपले. संशोधक वल्ही हातात घेणार नाहीत असे नाही. पण शर्यतीला आठ जणांची नाव भरायची तर विशी न ओलांडलेली पोरे लागतात!

सुदैवाने पाणी तेच होते आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला वारस तयार होता. संगमापाशी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात 1928 साली बोट क्लब स्थापन झाला. तेथील विद्यार्थ्यांचा 'रेगाटा' पुणेकरांना नव्याने सांगायला नको. नावांच्या बाणासारख्या रचना, कयाकांचे लयबद्ध नृत्य, संध्याकाळच्या मशाली, हे पाहायला काठावर माणसांची दाटी होते. ही नुसती शोभा नव्हे. नावा दुरुस्त करणे, तराफे बांधणे, महिनोन्‌महिने सराव करणे, हे सारे विद्यार्थीच करतात. यजमानपदाची खरी शाळा म्हणून आम्ही तिच्याकडे पाहतो.

आता पुण्याच्या यजमानपदाचा हिशेब मांडू. पुण्याला पाहुणचार जमत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. तेथेच 2008 च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. त्याच वर्षी जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धाही पुण्यात झाल्या आणि सायना नेहवालने मुलींचे एकेरीचे अजिंक्यपद मिळवले. 2013 ची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. आशियाई मैदानी स्पर्धा चेन्नईला व्हावयाच्या होत्या. श्रीलंकेच्या सहभागावरून तमिळनाडू सरकारने फेब्रुवारीत नकार दिला, आणि जुलैत त्या पुण्याला पार पडल्या. चार-साडेचार महिन्यांत चाळिसांहून अधिक देशांच्या खेळाडूंची सोय करणे हा पोरखेळ नव्हे. लोहगावच्या विमानतळावर उतरून हे पाहुणे शहरात आले ते येरवड्याच्या बाजूनेच. मात्र या सगळ्या स्पर्धा पहिल्या वर्गातल्या होत्या. धावपट्टी, दिवे, छप्पर, हे सर्व बांधता आले म्हणून पुण्याला त्या पेलता आल्या.

दुसऱ्या वर्गातल्या खेळाचे काय झाले? भारतीय विद्यापीठांच्या नौकानयन स्पर्धा म्हटल्या की प्रथम आठवते ते चंदीगडचे सुखना सरोवर. हे सरोवर 1958 साली माणसांनी बांध घालून केले आणि राखले. दुसरे उदाहरण अधिक झोंबणारे आहे. 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धांमध्ये नौकानयन प्रथमच आले ते 2023 च्या मे महिन्यात, आणि ते झाले गोरखपूरच्या रामगढ तालावर. हा ताल फार स्वच्छ म्हणून प्रसिद्ध होता काय? मुळीच नाही. शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तो ग्रासलेला होता. 2010 साली तो राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत घेतला गेला, गाळ निघाला, सांडपाणी वळवले गेले, आणि तेरा वर्षांनी त्याच पाण्यावर देशभरातील विद्यापीठांच्या नावा शर्यतीला लागल्या. गोरखपूरने आधी पाणी मिळवले. यजमानपद त्याच्यामागून आले.

पुण्यात उत्तम वल्हेकरी नाहीत असेही नाही. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. राष्ट्रीय स्पर्धा तेथे अनेकदा भरल्या. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी गावातून आलेला, विहिरी खणण्याच्या कामावर राबलेला दत्तू भोकनळ लष्करात भरती झाला, पुण्यात वल्हवायला शिकला, 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावा आला आणि 2018 साली जाकार्ता-पालेम्बांग येथील आशियाई स्पर्धांत चौघांच्या नावेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. तेव्हा खेळाडू आहेत, शिक्षक आहेत, परंपरा आहे. पण ही सारी साधना कुंपणाआडच्या राखलेल्या पाण्यावर चालते. भर शहरातून वाहणारी, सर्वांच्या मालकीची नदी मात्र या कामास नालायक ठरत चालली आहे.

याचे कारण गूढ नाही. खडकवासल्याचे पाणी कालव्याला आणि नळांना जाते. पावसाळा सरला की धरणाखाली नदीला स्वतःचे असे पाणी फारसे उरत नाही. वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले, बाकीचे तसेच. त्यातील खतावर जलपर्णी पोसते आणि माघ-फाल्गुनात, म्हणजे नेमक्या शर्यतींच्या दिवसांत, हिरवा गालिचा पात्रावर पसरतो. ज्या बंधाऱ्याने 1850 साली लष्करचे पिण्याचे पाणी अडवले, तोच आज आमची घाण अडवून धरतो. त्यात बंधाऱ्याचा काय दोष?

उपाय योजले गेले नाहीत असे नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने नदीशुद्धीकरणाची सुमारे 990 कोटी रुपयांची योजना 2016 च्या जानेवारीत मंजूर झाली. तिच्यात दिवसाला 396 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी अकरा केंद्रे होती. दुसरीकडे 44 किलोमीटर नदीकाठ सुधारण्याच्या योजनेची कोनशिला 6 मार्च 2022 रोजी बसली आणि बंडगार्डनजवळचे काम आरंभीच हाती घेण्यात आले. पायऱ्या, फरसबंदी, झाडे यांना आमचा विरोध नाही. परंतु नावांच्या शर्यतीच्या भाषेत बोलायचे तर काठ म्हणजे प्रेक्षागृह आणि पाणी म्हणजे मैदान. मैदान तयार होण्यापूर्वी प्रेक्षागृहाला रंग देऊन कोणाचा सामना आपण पाहणार आहोत?

कोणी थेम्सचा दाखला देऊन म्हणेल की मोठ्या शहरांत हे चालायचेच. तो दाखला आमच्याच बाजूने बोलतो. 2024 च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीपूर्वी थेम्सच्या पाण्यात मलमूत्रातील जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले. विजयानंतर सुकाणूवाल्याला पाण्यात ढकलण्याची जुनी गंमत करू नये, असे खेळाडूंना बजावले गेले. जवळजवळ दोनशे वर्षांच्या परंपरेला एका प्रयोगशाळेच्या अहवालाने मान खाली घालायला लावली. परंपरा पाणी शुद्ध करीत नाही. पाण्यामुळे परंपरा टिकते.

समजा, उद्या पुण्याने आंतरविद्यापीठीय नौकास्पर्धा येरवड्याच्या पाण्यावर भरवण्याचा दावा करायचे ठरवले. आंतरराष्ट्रीय प्रतीची सरळ दोन हजार मीटरची शर्यत येथे होणार नाही, कारण नदी वळते. हे आधीच मान्य करावे. पण हेन्लीचा मार्गही त्या मापाचा नाही आणि तेथे दोन नावाच एका वेळी धावतात. जे पाणी आहे त्याला साजेसा खेळ रचता येतो. दाव्याच्या कागदावर मात्र पहिल्या ओळीत काय लिहिणार? आमच्या मते एकच वाक्य लिहिता आले पाहिजे: पाहुण्यांची नाव उलटली तर बुडलेला मुलगा पोहत काठाला येईल आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडणार नाही. हे वाक्य ज्या वर्षी सही करून लिहिता येईल, त्या वर्षी बाकीची पाने पुणे शहर सहज भरील. 2013 साली त्याने तसे करून दाखवलेच आहे.

आणि ते वाक्य खरे करण्याचा लाभ काही पाहुण्यांपुरता नाही. स्पर्धा चार दिवसांची. पाणी बारा महिन्यांचे. नदीकाठच्या वस्त्यांत राहणारी मुले, पुराच्या वेळी सामान उचलून शाळांत आश्रयाला येणारी कुटुंबे, कपडे धुणारे, गुरे पाजणारे, बंधाऱ्याखालच्या गावांतील त्याच पाण्यावर पिके काढणारे शेतकरी, यांना कोणी आमंत्रणपत्रिका धाडलेली नाही. ते या नदीचे घरचे लोक. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडून घेण्याची आपली चाल चांगली आहे. पण घर झाडायचे ते घरच्यांसाठी, ही त्याहून चांगली. गुलमर्गला बर्फाची वाट पाहावी लागली, कारण आभाळावर कोणाची सत्ता नाही. येरवड्याचे पाणी आभाळातून बिघडलेले नाही. ते आपल्या मोऱ्यांतून बिघडले आहे, म्हणून ते सुधारणेही आपल्याच हाती आहे. हेन्लीच्या नागरिकांनी एका सभेत ठराव केला, तेव्हा त्यांच्यापाशी नदी होती आणि स्पर्धा नव्हती. आपल्यापाशी पाहुणचार आहे, खेळाडू आहेत, रेगाटा आहे. आपला ठराव नदीचा असावा.